गांजाच्या कार्डावरच्या दोन रेघा

ज्योत्स्नाच्या तोंडाला सगळं गाव भितं, आणि भ्यायलाच पाहिजे. बदनापूरहून सहा किलोमीटर आत असलेल्या त्या गावात ती चौदा वर्षं आशाताई आहे. सुनेच्या लोहाच्या गोळ्या उकिरड्यावर टाकणाऱ्या सासवा तिला लांबून येताना पाहतात आणि मागच्या दाराने शेतात निघून जातात. एकदा एका सासूने पोटुशी सून अडवून धरली, म्हणाली, आमच्यात दवाखान्याचं तोंड बघत न्हाईत. ज्योत्स्ना तिच्या ओसरीवर ठाण मांडून बसली, ती रुग्णवाहिका येईपर्यंत उठली नाही. तेवढ्या वेळात तिने त्या घराचा जो उद्धार केला, तो ऐकायला शेजारच्या बायका भाकरी तव्यावर टाकून आल्या होत्या. सून आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत. सासू अजून बोलत नाही, त्याचं ज्योत्स्नाला काही नाही.

अशा बाईचा कुणावर विश्वास असेल तर तो किटवर. लग्नाला दोन महिने झालेल्या पोरी तिच्याकडे लाजत येतात, सासू मागून येते, नवरा तर दाराबाहेरच घुटमळतो, आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. ज्योत्स्ना सगळ्यांना गप्प बसवते, पट्टीवर थेंब टाकते आणि म्हणते, "पाच मिनिटं थांबा. मानूस खोटं बोलंल, किट खोटं बोलत न्हाई." एक रेघ आली तर नाही. दोन आल्या तर आहे. पुढे कोरोनात शाळेच्या पडवीत टेबल टाकून बसायची वेळ आली तेव्हाही तोच हिशेब राहिला. एक रेघ, जा घरी. दोन रेघा, बस बाजूला. एवढ्या वर्षांत ते तिच्या डोळ्यांत असं मुरलं, की दोन रेघा दिसल्या की डोक्याला न विचारता तिचं तोंड 'आहे' म्हणून मोकळं होई.

तिचा नवरा राजानंद अगदी उलट्या स्वभावाचा. आवाज कमी, राग त्याहून कमी. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात तो अकरा वर्षं क्रेन चालवतो. छताखालच्या केबिनमध्ये बसायचं आणि तापलेल्या शेडमध्ये सळ्यांचे बंडल इकडून उचलून तिकडे ठेवायचे. सुपारीचं खांड त्याने कधी तोंडात टाकलेलं नाही. दर रविवारी गावच्या विहारात वंदना तोच घेतो, तो पुढे म्हणतो आणि बाकीचे मागून म्हणतात. पाचव्या शीलाला, नशेपासून दूर राहण्याच्या शीलाला आला की त्याचा आवाज जरा चढतो, कारण त्याचा बाप रामकिसन दारूपायी पन्नाशीच्या आतच गेला. गावाला हे ठाऊक आहे.

यंदाच्या मार्चमध्ये कारखान्यात एक साखळी सरकली. बंडल एका अंगाला कलला आणि खाली उभ्या असलेल्या ट्रकच्या टपावर जाऊन आदळला. ड्रायव्हर चहाला गेला होता म्हणून वाचला. साखळी झिजलेली होती, हे राजानंदने आठ दिवस आधी सांगितलं होतं. पण ते तोंडी सांगितलं होतं, आणि तोंडी सांगितलेलं कारखान्यात कुणाला ऐकू येत नाही. आता ऐकू आलं ते एवढंच, की क्रेनवर राजानंद होता.

कारखान्याने दिवाळीपासून नवा नियम काढला होता. अपघात झाला की त्या कामगाराची गांजाची तपासणी करायची. ती करणार काकासाहेब. हे काकासाहेब सेफ्टी सुपरवायझर. कोरोनात त्यांनी गेटवर कामगारांच्या नाकात काड्या घातल्या होत्या, तेव्हापासून ते स्वतःला अर्धे डॉक्टर समजत. कुणी खोकला की हे औषध सांगत. त्यांनी राजानंदला प्लास्टिकचा कप दिला, संडासाच्या दारात स्वतः उभे राहिले, कार्डावर तीन थेंब टाकले आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटांनी कार्डावर दोन रेघा आल्या.

"दोन लाइनी," काकासाहेब म्हणाले. "पॉझिटिव्ह."

"सायेब, मी तसलं काही करत न्हाई."

"मी नाही म्हणत, कार्ड म्हणतंय."

त्यांनी कार्डाचा फोटो काढला आणि शिफ्टच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'क्रेनवाला राजानंद गांजा पॉझिटिव्ह. सर्वांनी बोध घ्यावा.' बोध! ज्याने कार्डाच्या खोक्यातला कागदसुद्धा उघडून वाचला नव्हता, तो एकशेचाळीस माणसांना बोध घ्यायला सांगत होता. राजानंदला दहा दिवस घरी बसवलं. दहाव्या दिवशी राजीनामा लिहून आण, नाहीतर कागद पोलिसांकडे जातील, असंही वर सांगितलं.

राजानंद दुपारीच घरी आलेला बघून ज्योत्स्ना दारात आली. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "मी न्हाई ओढला गांजा. बिलकुल न्हाई."

"फोटो दाखवा."

त्याने मोबाईल पुढे केला. ज्योत्स्नाने फोटो मोठा करून पाहिला. पांढरं कार्ड, लांबट खिडकी, वरच्या रेघेशेजारी सी, खालच्या रेघेशेजारी टी. कोरोनाच्या कार्डासारखंच हुबेहूब. खालची रेघ थोडी फिकी होती, पण होती.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे घडलं असतं तर ज्योत्स्नाने गल्ली डोक्यावर घेतली असती. इथे ती नुसती नवऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कव्हापासून चालू आहे हे?"

"तुला समजून राह्यलं का मी काय म्हणलो ते?"

"किट खोटं बोलत न्हाई."

"मंग मी बोलतो का?"

राजानंदने डबा ठेवला, पाय धुतले आणि तो बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

पुढच्या पाच दिवसांबद्दल ज्योत्स्नाच्या बाजूने बोलायला माझ्याकडे काही नाही. तो आंघोळीला गेला की ती त्याच्या शर्टाचे खिसे उलटे करायची, वास घ्यायची. डब्याच्या पिशवीची शिवण तिने चाचपून पाहिली. मोटारसायकलची डिकी उघडली, त्यात पंक्चरचं सामान आणि एक जुनी पावती निघाली. बदनापूरहून त्याच्यासोबत पॅसेंजरने जालन्याला जाणाऱ्या तातेरावला तिने रस्त्यात गाठलं. तातेराव बिचारा हात जोडून म्हणाला, "वैनी, राजाभाऊ तर चहा बी घेत न्हाई आमच्यात. गांजाचं काय घेऊन बसल्या?" ज्योत्स्नाने त्यालाही झाडलं. एका माळेचे मणी तुम्ही, म्हणाली.

घरात सासू झुंबरबाई होती. तिने सुनेला जवळ बसवून सांगितलं, "माज्या नवऱ्यानं तीस वर्षं पेली. नशा केलेला मानूस मला त्याच्या चालण्यावरून वळखू येतो. माझा राजा तसा न्हाई."

"आत्याबाई, तुमाला लेकाचंच खरं वाटणार."

"आन् तुला?"

"मी डोळ्यांनी बघितलं."

रविवार आला. राजानंदने आंघोळ केली, पांढरे कपडे घातले आणि दारातच बसून राहिला. विहारातून बोलवायला माणूस आला. "आज दुसऱ्या कुणाला म्हणा," एवढंच राजानंद म्हणाला. शिफ्टच्या ग्रुपवरचा फोटो एव्हाना गावात पोचला होता. पाचवं शील आपल्या तोंडून निघालं आणि मागे बसलेल्यांतून एकजण जरी हसला तर काय करायचं, हा विचार त्याला पुढे पाऊल टाकू देत नव्हता. ज्योत्स्नाने त्याचा अर्थ भलताच लावला. चोराच्या मनात चांदणं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं आणि भांडी जरा जास्तच आपटली.

मंगळवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात आशांची बैठक होती. ज्योत्स्ना लवकर गेली आणि लॅबमध्ये शिरली. तिथली अर्पिता ही तिच्या लेकीच्या वयाची, शिकून नुकतीच लागलेली. ज्योत्स्नाने सुरुवात लांबून केली. "एक विचारायचं होतं. आमच्या पाहुण्यातला एकजण आहे. गांजा लघवीत किती दिवस राहतो गं?"

"एखाद वेळी ओढला तर तीनचार दिवस. रोजच ओढत असेल तर महिनाभरही सापडतो. का हो ताई?"

ज्योत्स्नाने फोटो दाखवला. अर्पिताने एकदा पाहिला आणि मोबाईल परत दिला.

"हा तर साफ आहे."

"साफ कसा? दोन रेघा दिसून राह्यल्या ना ढळढळीत!"

"म्हणूनच साफ."

ज्योत्स्नाला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. "अर्पिता, मी चौदा वर्षं किटं वाचते."

"गरोदरपणाची वाचता ताई. कोरोनाची वाचलीत. त्यात जे शोधायचं ते सापडलं की रेघ उमटते. ह्याची रीत उलटी आहे." अर्पिताने खुर्ची ओढून तिला बसवलं. "कार्डात रंगाचे बारीक कण असतात. लघवीसोबत ते वर सरकतात आणि टी जवळच्या पट्टीला धरतात, म्हणून तिथं रेघ दिसते. पण लघवीत गांजा असला तर तो ह्या कणांना वाटेतच चिकटतो. तुम्ही आडावरून दोन्ही हातात घागरी घेऊन आलात तर दाराची कडी कशानं काढणार? तसं त्यांचं होतं. पट्टी धरायला हात मोकळा नसतो. मग टीची रेघ उमटत नाही. एकच रेघ, नुसती सीची, आली तर गांजाचा संशय. दोन आल्या तर काही नाही. आणि सीचीच आली नाही तर कार्ड बाद, नवीन घ्यायचं."

"पण खालची फिकी आहे. फिकी म्हणजे थोडा तरी..."

"फिकी असली तरी रेघ ती रेघ. फिक्या रेघेचा अर्थ थोडा गांजा असा होत नाही. आणि समजा एकच आली असती, तरी लगेच गांजेकस म्हणायचं नसतं. ही नुसती चाळणी आहे ताई. कधी एखाद्या औषधानंही फसते. नमुना मोठ्या लॅबला पाठवायचा, तिथनं खात्री झाली तरच बोलायचं." तिने मोबाईलवर तसल्याच कार्डाचं माहितीपत्रक काढलं. त्यात चित्रं होती. दोन रेघांच्या चित्राखाली इंग्रजीत निगेटिव्ह लिहिलेलं ज्योत्स्नाने स्वतः वाचलं. दोनदा वाचलं.

"कोण आहेत हे पाहुणे?" अर्पिताने विचारलं.

"माझा नवरा," ज्योत्स्ना म्हणाली, आणि तिचा आवाज असा फुटला की बाहेर बसलेल्या दोघी आशा आत डोकावल्या.

ती बैठकीला थांबली नाही. अर्पिताकडून त्या पत्रकाची प्रिंट काढून घेतली आणि जालन्याकडे जाणाऱ्या काळीपिवळीत बसली. वाटेत राजानंदला फोन लावावा असं तिला दोनदा वाटलं. पण फोन लावला तर आधी काय बोलावं लागेल हे तिला चांगलं कळत होतं. ते बोलण्यापेक्षा कारखान्यावर तुटून पडणं सोपं होतं. अंगाचा नुसता भडका झाला होता, आणि त्यातला अर्धा भडका कुणावर काढायचा हे तिला अजून कळत नव्हतं. सापडतील तेवढे काकासाहेब तिला हवे होते.

गेटवरचा वॉचमन म्हणाला, "बाया मानसाला आत मनाई आहे."

"मंग तुझ्या सायबाला बाहेर बोलव. न्हाई आला तर मी इथं गेटवर बसून त्याचं नाव घेते. शिफ्ट सुटायला किती वेळ आहे?"

शिफ्ट सुटायला वीस मिनिटं होती. तिला आत नेलं.

ऑफिसात मॅनेजर रामप्रसाद होते आणि काकासाहेबही होते. ज्योत्स्नाने प्रिंट टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. काकासाहेबांनी कागदाकडे पाहिलंदेखील नाही. ते मॅनेजरकडे पाहून हसले. "ताई, मी कोरोनात हजारो किट वाचलीत. दोन लाइनी म्हणजे पॉझिटिव्ह हे शेंबड्या पोराला कळतं."

"मला बी तसंच वाटत होतं. म्हणूनच आले. खोकं कुठं आहे?"

खोकं काकासाहेबांच्या कपाटात होतं. मॅनेजरने मान हलवली तेव्हा त्यांनी नाइलाजाने ते काढलं. आत कार्डांखाली माहितीपत्रक होतं, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ज्योत्स्नाने एक कार्ड घेतलं, पाकीट फाडलं. कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा जार होता. त्याची तोटी दाबून तिने ड्रॉपरमध्ये पाणी घेतलं आणि सगळ्यांच्या देखत कार्डावर तीन थेंब टाकले.

"हे काय करून राह्यल्या तुमी?" काकासाहेब ओरडले.

"तुमच्या जारची तपासणी. पाच मिनिटं थांबा."

बाहेर शेडमध्ये सळ्या आदळत होत्या. मॅनेजर खुर्चीतून उठून टेबलावर वाकले. आधी सीजवळ रेघ आली. मग टीजवळ हळूहळू दुसरी रेघ चढली. चांगली लालभडक.

"घ्या," ज्योत्स्ना म्हणाली. "तुमच्या जारनं बी गांजा ओढला. बसवा त्याला दहा दिवस घरी. ग्रुपवर टाका त्याचा फोटो. लिहा खाली, बोध घ्यावा!"

मॅनेजरने पत्रकाची घडी उलगडली, चित्रं पाहिली आणि कपाळ चोळलं. "काकासाहेब, हे तुम्ही वाचलं नव्हतं?"

काकासाहेब काहीतरी पुटपुटले. इंग्रजीत आहे, अक्षर बारीक आहे, असलं काहीतरी.

"वहिनी, गैरसमज झाला," मॅनेजर म्हणाले. "राजानंदला उद्यापासून पाठवून द्या. विषय संपला."

"संपला? गैरसमज म्हणजे मला वाटलं मंगळवार आहे आन् निघाला बुधवार. तुमी एका मानसाचं तोंड काळं केलं. झिजलेली साखळी तुमची, शिक्का त्याच्या कपाळावर. साखळी बदलली का?"

साखळी बदललेली नव्हती. तेही मॅनेजरने तिच्यासमोर कबूल केलं.

"जिथं बदनामी केली तिथंच माफी लिहा. आत्ता. मी बघते. आन् नुसतं चूक झाली असं लिहू नका. मला वाचता आलं न्हाई, असं लिहा."

काकासाहेबांनी लिहिलं. टाइप करताना त्यांचा अंगठा चारदा चुकला. तेवढ्यात ज्योत्स्नाची नजर त्यांच्या मोबाईलवरच्या आधीच्या फोटोंवर गेली. दिवाळीपासून झालेल्या तपासण्यांची चार कार्डं होती. तिने मोबाईल हातातून ओढूनच घेतला. तीन कार्डांवर एकेकच रेघ, खाली लिहिलेलं 'पास'. चौथ्यावर दोन.

"हा कोण?"

"कल्याण," मॅनेजर म्हणाले. "कटिंग मशीनवर होता. राजीनामा देऊन गेला. मंठ्याकडचा होता बहुतेक."

"दिला का घेतला?"

मॅनेजर पत्रकाची घडी परत घालू लागले.

"म्हणजे ज्याच्यात काही न्हाई तो घरी, आन् ज्यांच्यावर संशय घ्यावा ते तिघं पास होऊन मशीनवर. त्यांना बी आता धावत जाऊन हाकलू नका. आधी मोठ्या लॅबला पाठवा, खात्री करा, मंग तोंड उघडा. आन् कल्याणला फोन लावा."

"बघतो आम्ही."

"बघू नका. लावा."

मॅनेजरने लावला. स्पीकरवर बाईचा आवाज आला की हा क्रमांक आता वापरात नाही. ज्योत्स्नाने कामावरच्या नोंदीतून कल्याणचा पत्ता कागदावर उतरवून घेतला आणि ती बाहेर पडली. मंठ्याच्या आशा कुणाला ओळखत नाहीत असं होत नाही.

ती घरी पोचली तेव्हा दिवे लागायचे होते. माफीचा मेसेज तिच्या आधी गावात आला होता. झुंबरबाईने दारातच तिच्या हातावर साखर ठेवली. शेजारचे दोघंतिघं जमले होते, तातेराव होता. ज्योत्स्नाने ओसरीवर बसून सगळा प्रसंग सांगितला. लॅबमधली पोरगी, वॉचमन, खोकं, न मोडलेली घडी, जार. जारपाशी आल्यावर झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसली. तातेराव तर मांड्या थोपटून हसला. राजानंद बाजेवर बसून ऐकत होता. तो हसला नाही.

माणसं गेली. झुंबरबाई चुलीकडे गेली. ज्योत्स्ना म्हणाली, "वाचली ना माफी? कशी लिहून घेतली मी! न लिहून जातो कुठं."

"वाचली."

"उद्या ताठ मानेनं जायचं कामावर."

"काकासायेब मला वळखत न्हाई," राजानंद म्हणाला. घरात त्याचा आवाज चढलेला ज्योत्स्नाने अठरा वर्षांत पहिल्यांदा ऐकला. "त्याला माझं आडनाव बी बराबर लिहिता येत न्हाई. त्यानं कार्ड बघितलं आन् मला गांजेकस म्हणला, मी समजून घेतलं. तू पाच दिवस माझे खिसे हुंगले. मी जेवताना माझे डोळे बघत होती, लाल आहेत का म्हणून. ती पोरगी जर आज दवाखान्यात नसती तर तू जन्मभर हुंगत राह्यली असती."

"अहो, पण त्या किटात..." ज्योत्स्ना बोलायला लागली आणि थांबली.

"काकासायबाची माफी आली," तो म्हणाला. "तुझी अजून न्हाई आली."

साऱ्या गावाला पुरून उरणारी ही बाई. राग होता, भरपूर होता, आणि तो आता स्वतःशिवाय कुणावर काढता येत नव्हता. ती उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "चुकलं माझं."

"हां," राजानंद म्हणाला. "चुकलंच."

तो उठला, माठातलं पाणी प्याला आणि आईजवळ चुलीपाशी जाऊन बसला.